गुरूवरचे दोन काळे ठिपके आणि एकच सावली

काकांना गुरू ग्रहाचा फोटो पाठवला तेव्हा रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. खाली मोठ्या रुबाबात लिहिलं होतं, 'आजची दुहेरी सावली, नाशिकमधून.' चार मिनिटांनी उत्तर आलं. 'वा' नाही, 'छान' नाही, अंगठासुद्धा नाही. नुसता प्रश्न: "दुसरी सावली कुणाची?"

काका म्हणजे आमच्या आकाशनिरीक्षण गटातले सगळ्यात ज्येष्ठ निरीक्षक. माझं त्यांच्याशी काही नातं नाही, पण गटात त्यांना सगळे काकाच म्हणतात. दुर्बिणीला कॅमेरा लावायची सोय नव्हती तेव्हापासून ते वहीत पेन्सिलीने गुरूची चित्रं काढतात. त्यांचा तो प्रश्न आणि त्यानंतरची वीस-बावीस मिनिटं, एवढंच हे प्रकरण आहे. मात्र चूक त्या वीस मिनिटांत झाली नव्हती. ती संध्याकाळपासून एकेक पायरी चढत गच्चीवर आली होती, आणि प्रत्येक पायरीवर मीच तिला हात दिला होता.

बेत काय होता

थंडीतली रात्र होती. गुरूची प्रतियुती (सूर्य आणि गुरू आपल्या विरुद्ध बाजूंना येतात तो दिवस) होऊन अडीच आठवडे उलटले होते. गुरू जवळपास डोक्यावर, बिंब सुमारे ४७ विकलांचं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण, केंद्रांतर २०३२ मिलिमीटर, त्यावर दुप्पट करणारी बार्लो भिंग आणि पावणेचार मायक्रॉनच्या पिक्सेलचा रंगीत ग्रहकॅमेरा. या जोडणीत एका पिक्सेलला साधारण ०.१९ विकला येतात, म्हणजे गुरू पडद्यावर अडीचशे पिक्सेलचा दिसतो आणि त्याचा सगळ्यात मोठा चंद्र गॅनिमीड जेमतेम नऊ पिक्सेलचा. त्या रात्री गॅनिमीडची सावली गुरूवरून सरकणार होती आणि ती टिपायचा बेत होता.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुरूचे चार मोठे चंद्र आपल्या आणि गुरूच्या मधून जातात तेव्हा त्याला अधिक्रमण म्हणतात. आयो पावणेदोन दिवसांत, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड सात दिवसांहून थोड्या जास्त काळात आणि कॅलिस्टो पावणेसतरा दिवसांत फेरी मारतो. त्यामुळे आयोचं अधिक्रमण दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कुठल्या ना कुठल्या वेळी लागतंच, आणि कॅलिस्टोच्या कक्षेचा कल नडला की तो वर्षानुवर्षं बिंबाच्या वरून किंवा खालूनच निघून जातो. चंद्रासोबत त्याची सावलीही ढगांवरून जाते. प्रतियुतीच्या दिवशी सूर्य, पृथ्वी आणि गुरू एका रेषेत असतात, म्हणून सावली चंद्राच्या मागेच लपते. प्रतियुतीआधी सावली पुढे आणि चंद्र मागे. प्रतियुतीनंतर उलट: आधी चंद्र बिंबावर चढतो, सावली मागून येते. हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि वेळेवर आठवणं यांत किती अंतर असतं ते त्या रात्री कळलं.

पहिली पायरी: चुकीची ओळ

अशा घटनांची वेळापत्रकं मिळतात. प्रत्येक अधिक्रमणाच्या चार ओळी असतात: चंद्राचा प्रवेश, सावलीचा प्रवेश, चंद्राचं निर्गमन, सावलीचं निर्गमन. वेळा जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. मी ऑफिसातून निघता निघता कागदाच्या कपट्यावर १४:२० लिहून घेतलं, मिळवून संध्याकाळचे ७:५० केले, आणि पुढे लिहिलं 'सावली सुरू'.

ती ओळ चंद्राच्या प्रवेशाची होती. सावलीची ओळ तिच्या खाली होती: १६:००, म्हणजे आपले साडेनऊ.

एक तास चाळीस मिनिटांचा हा फरक कुठून येतो तेही सांगतो, कारण काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्या रात्री गुरूवरून पाहिलं असतं तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यात साडेतीन अंशांचं अंतर दिसलं असतं. गॅनिमीड गुरूच्या केंद्रापासून गुरूच्या पंधरा त्रिज्यांवर फिरतो. पंधरा त्रिज्यांवरून साडेतीन अंश तिरपी पडलेली सावली जवळपास एक त्रिज्याभर बाजूला सरकते. सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गॅनिमीडला तेवढं अंतर कापायला शंभर मिनिटं लागतात. आयो सहा त्रिज्यांवरच आहे, त्यामुळे तशाच कोनात त्याची सावली त्याला जवळजवळ चिकटून चालते. कॅलिस्टोची मात्र दीड त्रिज्येहून लांब पडते, इतकी की चंद्र बिंब सोडून गेला तरी सावली मागे रेंगाळत असते. कोन ठाऊक असेल तर कुठल्या चंद्राची सावली त्याच्यापासून किती लांब असायला हवी हे बोटांवर मोजता येतं.

मी मोजलं नाही. कपट्यावर लिहिलं होतं ना, 'सावली सुरू'.

दुसरी पायरी: दिसावं तिथेच दिसलं

दुर्बीण सातला वर न्यायची होती, नेली आठला. बंद नळीची दुर्बीण घरातल्या उबेतून एकदम गच्चीवर आली की आतली हवा निवेपर्यंत प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते. त्यात आमच्या गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला, तो नऊपर्यंत ऊन ओकत असतो. (ग्रह टिपायला अंधारं आकाश लागत नाही, स्थिर हवा लागते. शहरातल्या माणसाच्या वाट्याला आलेलं हे एवढंच खगोलशास्त्र, पण स्लॅब तेही सुखाने करू देत नाही. गच्चीवर बागेची माती किंवा नुसती ओली गोणपाटं पसरली तरी फरक पडतो.)

आठ पन्नासला पहिली स्वच्छ प्रतिमा पडद्यावर आली. बिंबाच्या दक्षिण भागात, मध्यापासून किंचित पूर्वेला, एक गोल काळा ठिपका. माझ्या हिशेबाने सावली शिरून तास झाला होता, म्हणजे ती मध्याजवळच असायला हवी होती. होतीच. चुकीच्या कागदाने बरोबर जागा दाखवली होती, आणि अशी चूक सगळ्यात घातक असते, कारण ती तपासावीशीच वाटत नाही.

भाची वर आली होती. आठवीत आहे, सुट्टीसाठी आमच्याकडे राहायला आलेली. कॅमेरा लावण्याआधी तिला आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, दाखवलं.

"ही गॅनिमीडची सावली," मी म्हटलं.

"काळी नाहीये पण, मामा. चॉकलेटी आहे."

"हवा हलतेय म्हणून तसं दिसतं."

ती गप्प बसली. तिला पटलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तिसरी पायरी: दुसरा ठिपका

साडेनऊला पूर्व कडेला चिमटा काढल्यासारखी खाच दिसली. दहा मिनिटांत तिचा ठसठशीत ठिपका झाला. आता बिंबावर दोन ठिपके होते. 'दुहेरी सावली' हा शब्द डोक्यात आला आणि तिथून पुढचं सगळं त्या शब्दाला जुळवून घेत गेलं.

दोन चंद्रांच्या सावल्या एकाच वेळी गुरूवर पडणं दुर्मीळ नाही, एका मोसमात असे बरेच योग येतात. तिहेरी मात्र खरोखर विरळा. २४ जानेवारी २०१५ रोजी आयो, युरोपा आणि कॅलिस्टो यांच्या सावल्या एकत्र पडल्या होत्या, तेव्हा भारतात ऐन दुपार होती. पुढचा तसा योग २०३२ सालचा. शनीनेही आपल्याला असंच टांगलं: २०२५ च्या उत्तरार्धात टायटनची सावली शनीवर पडण्याचे योग दर सोळा दिवसांनी येत होते आणि ते नेमके आपल्या दिवसाउजेडी. एवढी वर्षं दुसऱ्यांचे फोटो पाहून जीभ चावलेला माणूस स्वतःच्या गच्चीवर दोन ठिपके पाहतो तेव्हा तो हिशेब करत बसत नाही.

९:३५ ते ९:४७ मध्ये दोन-दोन मिनिटांच्या सहा चित्रफिती घेतल्या. फ्रेमचा आकार ६४० बाय ४८०, वेग सेकंदाला शंभर फ्रेम. छोटी फ्रेम ठेवली की वेग वाढतो आणि हवेच्या हेलकाव्यांमधले शांत क्षण जास्त सापडतात. पण या छोट्या फ्रेममध्ये आकाशाच्या जेमतेम दोन कला (एक कला म्हणजे साठ विकला) मावतात. गुरू आणि भोवतीचा थोडा अंधार. बाकीचे चंद्र चौकटीबाहेर राहिले आणि माझ्या मनाबाहेरही.

मग चित्रण थांबवून लगेच प्रक्रियेला बसलो. ही त्या रात्रीची दुसरी मोठी चूक. घटना चालू असताना लॅपटॉप चित्रणासाठी राखायचा, फोटो सकाळीही बनतो. ९:४७ ते १०:२४ या सदतीस मिनिटांचं माझ्याकडे काहीही नाही.

प्रक्रियेने केलेली चोरी

इथे जरा रेंगाळतो, कारण ही गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नव्हती आणि नंतर कागदावर गणित मांडल्यावरच समजली.

गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा ढग मिनिटाला पाव विकला सरकतो, म्हणून दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब चित्रफीत घेतली की तपशील पुसट होतात. उपाय म्हणून विनज्युपॉससारख्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक चित्रं गुरूच्या फिरण्याच्या हिशेबाने उलटी फिरवून एकावर एक बसवतात. ढग जागच्या जागी बसतात. पण चंद्र आणि सावल्या ढगांबरोबर फिरत नाहीत, त्या स्वतःच्या वेगाने जातात. म्हणून अशा चित्रात त्या फराटल्यासारख्या लांबट व्हायला हव्यात.

माझ्या चित्रात पूर्व कडेजवळचा, नुकताच शिरलेला ठिपका तसा लांबट झाला होता. मधला ठिपका मात्र नाणं ठेवल्यासारखा गोल आणि रेखीव. मी काय समजलो असेन? की मधली सावली 'चांगली आली' आणि कडेची जरा 'बिघडली'.

खरं असं होतं. त्या अक्षांशावर, बिंबाच्या मध्याजवळ, ढग आपल्याला सेकंदाला साधारण दहा किलोमीटर वेगाने सरकताना दिसतात. गॅनिमीड अकराने जात होता. दोघे जवळजवळ जोडीने चाललेले, म्हणून ढग जागेवर बसवले की गॅनिमीडही आपोआप जागेवर बसला. कडेला मात्र गुरूचा गोल आपल्यापासून वळतो, तिथले ढग आपल्या नजरेला निम्म्या वेगानेच सरकतात, आणि सावली तर अकरानेच जाते. बारा मिनिटांत दोघांत चार हजारांहून जास्त किलोमीटरचं अंतर पडलं. गॅनिमीडच्या गडद छायेचा व्यास साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सावली स्वतःच्या लांबीहून जास्त ओढली गेली. ज्याला मी सावली समजत होतो तो चंद्र सुबक निघाला, आणि खरी सावली डागळली.

वर रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेटच्या, म्हणजे तपशील धारदार करायच्या, पट्ट्या मी नेहमीप्रमाणे जोरात ओढल्या होत्या. या प्रक्रियेचा गुण असा की जिथे उजेड-अंधाराची कडा असेल तिथे ती अंधाराला अधिक अंधार करते. तपकिरी ठिपका काळा झाला. भाचीने डोळ्याने जे पाहिलं होतं ते मी सॉफ्टवेअरने पुसून टाकलं, आणि मग त्या काळेपणाचाच पुरावा मानला.

काकांचा प्रश्न

"दुसरी सावली कुणाची?" मी उत्तर टाईप करत होतो, 'आयोची असावी'. तेवढ्यात फोनच आला.

"चौघे कुठे आहेत ते मोजलंत का?"

"कोण चौघे?"

"चंद्र हो. बिंबाबाहेर किती दिसतात?"

कॅमेरा काढून पंचवीस मिलिमीटरची आयपीस लावायला मिनिट गेलं. भाचीच आधी वाकली. "तीन. दोन इकडे, एक तिकडे लांब." मी पाहिलं. दोन पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि त्यांतला जवळातला जवळचासुद्धा गुरूच्या केंद्रापासून दोन बिंबांच्या अंतरावर.

"मग उरला एक," काका म्हणाले. "एका चंद्राला दोन सावल्या पडतात का? तिकडे सूर्य एकच आहे."

पुढचं मलाच दिसलं. साडेतीन अंशांच्या कोनात कॅलिस्टोची सावलीसुद्धा त्याच्यापासून दीड-पावणेदोन त्रिज्यांपलीकडे जाऊ शकत नाही. बाहेरच्या तिघांपैकी सगळ्यात जवळचा चार त्रिज्यांवर होता. म्हणजे त्यांच्यापैकी कुणाचीच सावली बिंबावर पडणं शक्य नव्हतं. बेपत्ता फक्त गॅनिमीड होता. दोन ठिपक्यांपैकी एक त्याची सावली असेल, तर दुसरा तो स्वतःच.

"पण चंद्र काळा कसा?"

"बंद करू नका. पावणेअकरापर्यंत त्याच्याकडे बघत राहा. मग सांगा काळा आहे का," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ही त्यांची जुनी सवय. उत्तर ठाऊक असतं, पण देत नाहीत.

चंद्र काळा कसा

गॅनिमीड हा सूर्यमालेतला सगळ्यात मोठा उपग्रह, व्यास ५२६८ किलोमीटर, बुधापेक्षाही मोठा. रिकाम्या आकाशात गुरूशेजारी तो लखलखीत ठिणगीसारखा दिसतो. पण ती चमक शेजारच्या अंधाराची देणगी आहे. आयो आणि युरोपा अंगावर पडलेल्या उजेडापैकी साठ टक्क्यांहून जास्त परत फेकतात. गुरूचे ढग निम्म्याच्या आसपास. गॅनिमीड चाळीस टक्क्यांच्या थोडा वर, आणि कॅलिस्टो वीसच्या आसपास. म्हणजे गुरूच्या उजळ ढगांसमोर धरला की गॅनिमीड मळका दिसणारच. धुतलेल्या धोतरावर कालचा पांढरा शर्ट ठेवावा तसं.

युरोपा बिंबाच्या मध्यावर आली की बहुतेक वेळा विरघळून जाते, तिचा उजेड आणि पांढऱ्या पट्ट्यांचा उजेड जवळपास सारखा पडतो. कॅलिस्टो इतका गडद दिसतो की त्याच्या बाबतीत सावलीचा घोटाळा जुन्या निरीक्षकांनाही व्हायचा. आयोची गंमत सगळ्यांत न्यारी. १८९० साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांनी बारा इंची दुर्बिणीतून आयोचं अधिक्रमण पाहिलं, तर आयो दोन! एकमेकांना लागून दोन गडद ठिपके. शेजारी बर्नहॅम होते, जोडताऱ्यांचे नावाजलेले निरीक्षक. त्यांनाही दोनच दिसले. एक तर आयोला खरोखर जोडीदार होता, नाही तर त्याच्या पोटावर उजळ पट्टा होता. काही वर्षांनी छत्तीस इंची दुर्बिणीतून पाहून बर्नार्ड यांनी निकाल लावला: आयोचे ध्रुव गडद आहेत आणि मधला भाग उजळ. गुरूच्या पांढऱ्या पट्ट्यासमोर मधला भाग पार्श्वभूमीत मिसळून जातो आणि ध्रुवांचे दोन ठिपके उरतात. याच बर्नार्ड यांनी १८९२ मध्ये गुरूचा पाचवा चंद्र, अमाल्थिया, डोळ्यांनी शोधला. असा डोळा असलेल्या माणसालाही आयो दुहेरी दिसला, म्हणून मी स्वतःला थोडं माफ करतो. फरक इतकाच की बर्नार्ड यांनी फोटोखाली 'दोन आयो, कॅलिफोर्नियामधून' असं लिहून कुणाला पाठवलं नव्हतं.

गुरूचं बिंब सगळीकडे सारखं उजळ नसतं. कडेकडे जाताना ते मंदावत जातं, कारण तिथे सूर्यप्रकाश ढगांवर तिरपा पडतो आणि आपल्यालाही तो तिरपाच, वातावरणाच्या जाड थरातून दिसतो. त्यामुळे जो चंद्र मध्यावर मळका वाटतो तोच कडेला पार्श्वभूमीहून उजळ ठरतो. अधिक्रमणाच्या सुरुवातीला गॅनिमीड पांढरा मणी असतो, मग हळूहळू बुजतो, काही मिनिटं पार नाहीसा होतो, मग गडद होऊन परत उगवतो. निघताना हाच खेळ उलटा. सावली मात्र कडेला असो वा मध्यात, काळीच राहते. मी वेळेवर गच्चीवर असतो तर ७:५० ला पांढरा मणी शिरताना दिसला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

दहा चोवीस ते पावणेअकरा

कॅमेरा परत लावला. या वेळी फ्रेम मोठी ठेवली. चित्रफिती दीड-दीड मिनिटाच्या, एकामागून एक, प्रक्रिया शून्य. स्लॅब निवला होता, हवा संध्याकाळपेक्षा बरी होती.

पहिल्याच फितीत मधला ठिपका आता मधला राहिलेला नव्हता. तो पश्चिमेकडे सरकला होता आणि फिका पडला होता. खरी सावली, आता पुरती आत आलेली, शाईच्या थेंबासारखी. दोन्ही शेजारी पाहिल्यावर मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. एक काळा, दुसरा चॉकलेटी. दुसरा शब्दच नाही.

साडेदहानंतर ठिपका गेला. नुसता गेला. पडद्यावर जिथे असायला हवा तिथे ढगांशिवाय काही नव्हतं. चार-पाच मिनिटं मी फोकस इकडेतिकडे करत राहिलो. भाची म्हणाली, "हात नको लावूस, येईल." काकांच्या शाळेत नाव घातलं पाहिजे तिचं.

१०:३७ च्या सुमारास कडेजवळ पुसटसा उजळ डाग आला. मग तो दाट झाला, गोल झाला. १०:४१ ला कडेच्या करड्या पट्टीवर स्वच्छ पांढरा दाणा होता. पावणेअकराला तो अर्धा बिंबाबाहेर आला आणि गुरूची कड तिथे फुगली.

"मामा, गुरूला पुळी आलीय," भाची म्हणाली.

ती सुटी होऊन बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघेही पडद्यासमोरून हललो नाही. खरं तर आम्ही पाहत होतो ते पस्तीस मिनिटं जुनं होतं, गुरूकडून उजेड यायला त्या दिवसांत एवढा वेळ लागत होता. वेळापत्रकांत हा उशीर आधीच मिळवलेला असतो. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांनी १६७६ साली हाच उशीर आयोच्या ग्रहणांच्या वेळांतून पकडला आणि उजेडालाही प्रवासाला वेळ लागतो हे दाखवलं. भाचीला ते सांगितलं, पण तिचं लक्ष पुळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी

सकाळी कच्ची स्टॅक केलेली (अनेक फ्रेम एकावर एक बसवलेली) चित्रं, वेव्हलेट न लावता, उघडली. ९:३५ च्या चित्रात मधल्या ठिपक्याचा उजेड आजूबाजूच्या ढगांच्या निम्म्याहून जास्त होता. कडेजवळच्या सावलीचा त्याच्या तुलनेत फारच कमी. (शून्य नाही. हवेच्या हेलकाव्यांनी शेजारचा उजेड सावलीत सांडतोच.) रंगांचे तीन भाग वेगळे केले, तर सावली तिन्हींत सारखीच काळी, आणि मधला ठिपका लाल भागात फिका, निळ्यात जास्त गडद. म्हणजे त्याला स्वतःचा रंग होता. सावलीला रंग नसतो. हे सगळं आदल्या रात्री दहा वाजताही फायलीत होतं, पट्ट्या ओढण्याआधी फक्त बघायचं होतं.

काकांनी आणखी एक युक्ती सांगितली. मिथेन वायू शोषून घेतो त्या ८८९ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून टिपलं तर गुरूचा बराचसा भाग काळवंडतो, कारण त्याच्या वातावरणातला मिथेन तो उजेड गिळतो. चंद्रांवर तसं वातावरण नाही, म्हणून गॅनिमीड तिथे दिव्यासारखा उजळतो आणि सावली काळीच राहते. वाद एका चित्रात मिटतो. फक्त त्या फिल्टरमधून उजेड इतका कमी येतो की आठ इंचाला फ्रेमचा वेग पार घसरतो. मी अजून घेतलेला नाही.

तेव्हापासून माझी पद्धत दोन बाबतींत बदलली आहे. प्रत्येक तासाला एक मोठ्या फ्रेमची, चारही चंद्र मावतील अशी, फिकट झाली तरी चालेल अशी चित्रफीत घेतो. आणि वेळापत्रकाच्या चारही ओळी उतरवतो, चारही. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीच्या आसपास हे जास्त कामाला येईल, कारण त्या मोसमात गुरूच्या विषुववृत्ताची पातळी जवळजवळ आपल्या नजरेच्या रेषेत असेल. चंद्र बिंबाच्या मध्याजवळून जातील, एकमेकांना झाकतीलही, कॅलिस्टोसुद्धा रांगेत येईल. तेव्हा काळे ठिपके मोजताना बरेच लोक गोंधळणार आहेत.

मूळ फोटो मी पुसलेला नाही. मधला नाण्यासारखा गोल, कडेचा फराटलेला, दोन्ही तसेच आहेत. फक्त खालची ओळ बदलायची होती. मी लिहिलं, 'डावीकडे गॅनिमीडची सावली, मध्ये खुद्द गॅनिमीड.' भाचीने वाचलं.

"चॉकलेटी लिही."

लिहिलं.